इन्सुलिन सुटलं का, एवढंच विचारू नका: आयलेट प्रत्यारोपणाचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आयलेट संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था, त्याला परवानगी देणारे औषध नियामक, अवयववाटप ठरवणारी मंडळं, प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख आणि या पेशींपासून उपचार तयार करणाऱ्या कंपन्या यांस,

स.न.वि.वि.

माझ्या नवऱ्याचं नाव ज्या केंद्राच्या प्रतीक्षायादीवर होतं, त्या केंद्राने दात्यांच्या आयलेटचं, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचं, प्रत्यारोपण थांबवल्याचं पत्र आम्हाला आलं. पत्र सौजन्याने लिहिलेलं होतं. कारणं दोन दिली होती. एक, या उपचाराने इन्सुलिनची इंजेक्शनं सुटतात खरी, पण बहुतेकांची काही वर्षांत पुन्हा सुरू होतात. दोन, स्टेम सेलपासून (वेगवेगळ्या पेशींत रूपांतर होऊ शकणाऱ्या मूळ पेशींपासून) प्रयोगशाळेत तयार केलेले आयलेट येऊ घातले आहेत, तेव्हा तोवर थांबलेलं बरं. त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही, कारण ही कारणं त्याने एकट्याने शोधलेली नाहीत. तज्ज्ञांच्या चर्चांत, निधीच्या निर्णयांत आणि ओपीडीतल्या दोन मिनिटांच्या उत्तरांत आम्ही तीच वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

दोन्ही कारणं एकाच चुकीच्या प्रश्नातून निघाली आहेत. तुम्ही विचारता, रुग्णाचं इन्सुलिन सुटलं का? आम्ही विचारतो, शुगर नकळत उतरून तो बेशुद्ध पडायचा थांबला का? पहिल्याचं उत्तर अनेकदा 'काही काळापुरतं' असं असतं. दुसऱ्याचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत 'हो' असं आहे, आणि ते तुमच्याच अभ्यासांत छापलेलं आहे.

आधी माझा संबंध सांगते. माझ्या नवऱ्याला लहानपणीच टाइप १ मधुमेह झाला. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या. गोड खाण्यामुळे किंवा आळसामुळे हा आजार होत नाही, हे या पत्राच्या इतर वाचकांसाठी नोंदवून ठेवते. पुढची अनेक वर्षं त्याने आजार नीट सांभाळला. शुगर उतरू लागली की घाम यायचा, हात थरथरायचे, छाती धडधडायची, आणि तो वेळेवर काहीतरी खायचा. मग या खुणा हळूहळू नाहीशा झाल्या. टाइप १ मध्ये शुगर उतरल्यावर ती वर आणणारं ग्लुकागॉन हे संप्रेरक काही वर्षांतच साथ सोडतं. त्यानंतर ॲड्रेनलिनचा प्रतिसादही क्षीण होत जातो. शुगर जितक्या वेळा उतरते, तितकी पुढच्या वेळची सूचना बोथट होते. आता त्याची शुगर ५४ च्या खाली गेलेली असते आणि तो माझ्याशी बोलत असतो. बोलण्याचा धागा सुटला की मला कळतं. त्याला कळत नाही, आणि नंतर आठवतही नाही.

झोपेत हे होतं तेव्हा गिळण्याइतकी शुद्ध नसते, म्हणून ग्लुकागॉन द्यावं लागतं. ते द्यायला घरात कोणीतरी जागं असावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. त्याने गाडी चालवणं सोडलं. एकट्याने प्रवास सोडला. शुगर उतरू नये म्हणून तो ती मुद्दाम चढी ठेवतो, आणि त्याची किंमत त्याचे डोळे आणि मूत्रपिंडं मोजत आहेत. टाइप १ असलेली तरुण माणसं रात्री नीट झोपतात आणि सकाळी अंथरुणात मृत सापडतात, याची नोंद डॉक्टरांनी १९९१ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. ती वाचल्यापासून मी सलग झोपलेली नाही.

शुगर सतत मोजणारे सेन्सर आणि इन्सुलिन देणारे स्वयंचलित पंप आल्यावर आयलेटची गरजच काय, असंही आम्हाला विचारलं जातं. सेन्सर आमच्याकडे आहे, आणि त्याने माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला आहे, हे मी कृतज्ञतेने सांगते. ज्यांचं त्यावर भागतं त्यांनी प्रत्यारोपणाच्या वाटेला जाऊच नये. पण ही सगळी साधनं वापरूनही ज्यांना गंभीर हायपो, म्हणजे शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग, होतच राहतात, अशी माणसं आहेत. मी त्यांच्याविषयी लिहिते आहे. यंत्र वाजून सांगतं. शरीराची हरवलेली जाणीव ते परत आणत नाही. प्रत्यारोपित आयलेट ज्यांच्यात टिकले, त्यांच्यात घसरत्या साखरेला शरीराचा प्रतिसाद आणि तिची जाणीव बऱ्याच अंशी परत आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

आता त्या मोजपट्टीकडे येते. माझी मुख्य तक्रार तीच आहे.

पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातल्या पेशींच्या या पुंजक्यांचं वर्णन केलं. माणसाच्या स्वादुपिंडात असे साधारण दहा लाख पुंजके असतात, आणि सगळे मिळून ते त्या अवयवाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. दात्याच्या स्वादुपिंडात कोलॅजिनेज हे एन्झाइम सोडायचं, ऊती सैल करायच्या, रिकॉर्डी चेंबर नावाच्या खास भांड्यात त्या हलवत आयलेट सुटे करायचे, घनतेवरून वेगळे काढायचे, डायथायझोनने लाल रंगवून मोजायचे आणि मग रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत सोडायचे, अशी ही प्रक्रिया आहे. पोट उघडावं लागत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या पॉल लेसींच्या प्रयोगशाळेत १९६७ मध्ये उंदरांचे आयलेट सुटे करण्याची पद्धत बसवली गेली आणि १९७२ मध्ये तिथेच मधुमेही उंदरांवर आयलेटचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. माणसात मात्र दीर्घकाळ अपयशच येत राहिलं. मग २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनहून जेम्स शपिरो आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. स्टेरॉइड टाळून, दोन किंवा अधिक दात्यांचे आयलेट देऊन, सातच्या सात रुग्णांचं इन्सुलिन सुटलं होतं.

त्या सात जणांनी आम्हाला आशा दिली, आणि चुकीची मोजपट्टीही त्यांच्याच निकालाने पक्की केली. त्यानंतर प्रत्येक निकाल 'इन्सुलिन सुटलं की नाही' याच निकषावर जोखला गेला. २००५ मध्ये एडमंटनच्या गटाने पाच वर्षांचा आढावा दिला. त्यात साधारण १० टक्के लोकच इन्सुलिनमुक्त राहिले होते, आणि ठळक झाला तो हाच आकडा. त्याच आढाव्यात सुमारे ८० टक्क्यांच्या रक्तात सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा तयार होणारा घटक) सापडत होतं, म्हणजे त्यांचे नवे आयलेट अजून थोडंफार काम करत होते. याकडे फार कुणी पाहिलं नाही. २००६ मध्ये नऊ केंद्रांतल्या ३६ रुग्णांचा अभ्यास आला. शेवटच्या प्रत्यारोपणानंतर वर्षभराने त्यातले १६ इन्सुलिनशिवाय होते, १० जणांत आयलेट अंशतः चालू होते, १० जणांत पूर्ण बंद पडले होते. दोन वर्षांनी त्या १६ पैकी पाचच इन्सुलिनविना उरले. हे आकडे मी लपवत नाही. दहा जणांत सगळं वाया गेलं, ही त्या दहा घरांसाठी मोठी गोष्ट आहे. पण अंशतः चालणाऱ्या आयलेटना अपयशाच्या रकान्यात टाकण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? थोडंसं स्वतःचं इन्सुलिन तयार होत असेल तरी शुगरची वेडीवाकडी चढउतार निवळते, आणि जीवघेणे हायपो थांबू शकतात.

२०१६ मध्ये बर्नहार्ड हेरिंग आणि सहकाऱ्यांनी शेवटी योग्य प्रश्न विचारला. ज्यांना शुगर उतरल्याचं कळत नाही आणि ज्यांना गंभीर हायपो झालेले आहेत, अशा ४८ जणांना आयलेट दिले. निकष ठेवला तो एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी चाचणी) ७ टक्क्यांच्या खाली आणि गंभीर हायपो एकही नाही, असा. वर्षाअखेरीस ८७.५ टक्के लोक या निकषावर उतरले, दोन वर्षांनी ७१ टक्के. त्याच अभ्यासात वर्षअखेर इन्सुलिन सुटलेले सुमारे निम्मेच होते. एकच अभ्यास, तीच माणसं. एका प्रश्नाने तो निम्मा फसलेला दिसतो, दुसऱ्याने दहापैकी जवळजवळ नऊ जणांना वाचवणारा. निधी देताना, केंद्र बंद करताना, विम्याचा निर्णय घेताना तुम्ही पहिलाच प्रश्न पुढे करता. माझा नवरा रोज इन्सुलिन टोचून घ्यायला तयार आहे. आयुष्यभर. त्याला सकाळी उठायचं आहे.

दुसरी तक्रार त्या 'थांबा'बद्दल.

स्टेम सेलच्या संशोधनाविरुद्ध माझा एक शब्दही नाही. दात्यांची स्वादुपिंडं सगळ्यांना कधीच पुरणार नाहीत. २०२१ मध्ये जगात टाइप १ असलेले अंदाजे ८४ लाख लोक होते. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या पेशी हाच मार्ग आहे. २०१४ मध्ये हार्वर्डमध्ये डग्लस मेल्टन यांच्या गटाने मानवी स्टेम सेलपासून साखरेला प्रतिसाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या संख्येने बनवून दाखवल्या, तेव्हा आमच्या घरात सण साजरा झाला होता. व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिसलेसेलचे, म्हणजे स्टेम सेलपासून बनवलेल्या आयलेटचे, निकाल २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बाराही जणांचे गंभीर हायपो थांबले, आणि वर्षअखेर त्यातल्या दहांना इन्सुलिन लागत नव्हतं. हे विलक्षण आहे.

पण याच अभ्यासातल्या एकूण चौदांपैकी दोघांचा मृत्यू झाला, त्यातला एक बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराने. शरीराने परक्या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्या सगळ्यांना घ्यावीच लागत होती. म्हणजे ज्या औषधांच्या धोक्यापायी दात्यांचे आयलेट नाकारले जातात, तीच औषधं या नव्या आयलेटनाही लागतात. औषधांशिवाय चालावेत म्हणून पेशी एका छोट्या उपकरणात बंद करून शरीरात बसवण्याचा त्याच कंपनीचा प्रयोग २०२५ च्या मार्चमध्ये थांबवण्यात आला, कारण पुरेसं इन्सुलिन तयार होत नव्हतं. १९८० मध्ये लिम आणि सन या संशोधकांनी उंदरांवर अशा आवरणातले आयलेट चालवून दाखवले होते. तेव्हापासून आम्हाला सांगितलं जातंय की औषधांविना प्रत्यारोपण आता जवळ आलं.

२०२४ मध्ये चीनमधून बातमी आली की एका २५ वर्षांच्या तरुणीला तिच्याच पेशींपासून बनवलेले आयलेट पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली दिले आणि अडीच महिन्यांत तिचं इन्सुलिन सुटलं. काम थोर आहे. मात्र तिचं यकृताचं प्रत्यारोपण आधीच झालेलं होतं आणि ती त्याची औषधं घेतच होती. त्यामुळे या पेशी औषधांशिवाय तगतील का, याचं उत्तर तिच्यावरून मिळत नाही. बहुतेक बातम्यांत हे वाक्य नव्हतं. २०२५ मध्ये स्वीडनच्या उप्सालामध्ये एका माणसाच्या कोपराखालच्या हाताच्या स्नायूत, प्रतिकारशक्तीला ओळखू येऊ नयेत असे जनुकीय बदल केलेले दात्याचे आयलेट घातले. औषधं न देता ते बारा आठवड्यांनंतरही जिवंत आणि काम करत होते. मला हा निकाल गेल्या अनेक वर्षांतला सर्वांत आशादायक वाटतो. पण मात्रा मुद्दाम लहान ठेवली होती आणि त्याला इन्सुलिन घ्यावंच लागत होतं. एका माणसाच्या तीन महिन्यांच्या निकालावर दुसऱ्या माणसाला यादीतून काढायचं?

थांबायला सांगणं सोपं आहे, ज्याला रात्री ग्लुकागॉन शोधावं लागत नाही त्याला. शिवाय दात्यांच्या आयलेटची केंद्रं बंद केलीत, तर पोर्टल शिरेत पेशी सोडणारे हात, औषधांचा तोल सांभाळणारे डॉक्टर, गुंतागुंत ओळखणाऱ्या परिचारिका हे सगळं विखुरतं. उद्या कारखान्यातून पेशी आल्या तरी त्या देणार कोण?

तिसरी तक्रार नियमांची. अमेरिकेत मूत्रपिंड, यकृत, अख्खं स्वादुपिंड हे अवयव म्हणून वाटले जातात. त्याच स्वादुपिंडातून आयलेट वेगळे केले की ते औषध ठरतात आणि त्यांना कारखान्यातल्या औषधासारखा परवाना लागतो. स्वादुपिंडाच्या जुनाट दाहामुळे रुग्णाचा तो अवयव काढून त्याचेच आयलेट त्याला परत देण्याची शस्त्रक्रिया मिनेसोटामध्ये १९७७ पासून होते आहे. ती शस्त्रक्रियाच मानली जाते. दुसऱ्याचे आयलेट मात्र औषध. दुसऱ्याच्या ऊतींचा धोका वेगळा असतो, हे मला कळतं. मूत्रपिंडाच्या बाबतीतही तो असतोच, आणि त्यासाठी कोणी मूत्रपिंडाला औषधाचा परवाना मागत नाही. याचा परिणाम असा झाला की संशोधनात जगभर आघाडीवर असलेल्या त्या देशात हा उपचार वर्षानुवर्षं प्रयोगांपुरताच उरला. दात्यांच्या आयलेटना लँटिड्रा या नावाने पहिली मंजुरी मिळाली ती २८ जून २०२३ रोजी, ३० रुग्णांच्या आधारावर. त्यातल्या २१ जणांचं इन्सुलिन वर्षभर किंवा अधिक काळ सुटलं होतं, पाच जणांचं एक दिवसही नाही. या मंजुरीने उपचार रुग्णांपर्यंत पोहोचण्याऐवजी एका कंपनीच्या हाती जाईल, अशी चिंता तिथल्या प्रत्यारोपणतज्ज्ञांनीच उघडपणे मांडली आहे. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी आयलेट प्रत्यारोपण सार्वजनिक आरोग्यसेवेत घेतलं आणि रुग्णांना सुरक्षितपणे सांभाळलं. इतर देश आज नियम लिहीत असतील तर त्यांनी हे दोन्ही रस्ते नीट पाहावेत.

चौथी तक्रार दान केलेल्या स्वादुपिंडांची. एखाद्या कुटुंबाने आपल्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी, सर्वांत वाईट दिवशी, 'हो' म्हटलेलं असतं. स्वादुपिंड नाजूक असतं. ते काढताना आवरण फाटलं किंवा थंड द्रावात फार वेळ पडलं, तर आयलेट कमी मिळतात. अख्ख्या स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणाला न चालणारी, वजनदार दात्यांची स्वादुपिंडं आयलेटसाठी अनेकदा उत्तम असतात, तरी ती शेवटच्या क्षणी विचारली जातात किंवा विचारलीच जात नाहीत. आणि इतके कष्ट करून मिळालेल्या आयलेटपैकी मोठा हिस्सा पोर्टल शिरेत रक्ताशी गाठ पडताच, पहिल्या काही तासांत आणि दिवसांत मरतो. म्हणून एका रुग्णाला दोन-दोन दाते लागतात. ही गळती थांबवण्याचं संशोधन, म्हणजे यकृताऐवजी दुसरी जागा, रक्तातली दाहक प्रतिक्रिया रोखणं, पेशींना लवकर प्राणवायू पोहोचवणं, हे काम दिमाखदार नाही. त्यातून मोठे मथळे होत नाहीत. पण एका दात्यात एक रुग्ण भागला, तर आहे त्याच दानातून दुप्पट माणसं सुटतील. तुमच्या निधीच्या याद्यांत या कामाला शेवटची जागा का?

उंदरांबद्दल थोडक्यात. मधुमेही जातीच्या उंदरांना बरं करण्याचे मार्ग ढिगाने छापून आले आहेत. उंदराच्या आयलेटमध्ये बीटा पेशी मध्यभागी दाटलेल्या असतात. माणसाच्या आयलेटमध्ये त्या इतर पेशींत मिसळलेल्या असतात आणि त्यांचं प्रमाणही कमी असतं. मानवी आयलेटवर काम करायला साहित्य मिळत नाही म्हणून संशोधक उंदरांकडे वळतात. फ्लोरिडात २००७ मध्ये सुरू झालेला एनपॉड हा उपक्रम टाइप १ असलेल्या दात्यांची स्वादुपिंडं जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवतो, आणि त्यातून या आजाराबद्दलच्या जुन्या समजुती बदलाव्या लागल्या. असे उपक्रम प्रत्येक खंडात का नाहीत?

यानंतरची तक्रार रुग्णाला सांगितलं जाण्याची, आणि ती लिहिताना मला राग आवरावा लागतो आहे. आम्हाला दिलेल्या माहितीपत्रकात संसर्गाचा धोका होता, कर्करोगाचा होता. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांनी मूत्रपिंडाचं कार्य घटू शकतं, हे एका ओळीत होतं. मधुमेहाने आधीच मूत्रपिंड थकलेल्या माणसासाठी ती ओळ पहिली हवी. जे अजिबात नव्हतं ते हे: आयलेट बंद पडले आणि औषधं थांबवली, तर अनेक दात्यांच्या ऊतींविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, आणि उद्या मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण करायची वेळ आली तर जुळणारा दाता मिळणं कठीण होऊ शकतं. हे मला एका दुसऱ्या रुग्णाच्या बहिणीकडून कळलं. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांना मायकोफेनोलेट या तशाच औषधामुळे गर्भाला होणारा अपाय तपशिलाने सांगितला जातो का, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. धोका पत्करायला आम्ही तयार आहोत. आंधळेपणाने नाही.

उलट ज्यांना धोका फारसा वाढत नाही त्यांना तुम्ही विसरता. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले टाइप १ रुग्ण ही औषधं घेतच असतात. त्यांना आयलेट देण्यात नवा धोका तुलनेने कमी आहे, लाभ तेवढाच. त्यांना यादीत पुढे आणायला कोणती अडचण आहे, ते जाहीर सांगा.

आणि या सगळ्याचं भूगोलाशी नातं आहेच. २०२१ मध्ये दहाव्या वर्षी टाइप १ झालेल्या मुलाचं पुढचं सरासरी आयुष्य श्रीमंत देशांत ६५ वर्षं आणि सर्वांत गरीब देशांत १३ वर्षं, असा अंदाज निघाला. तिथे आधी इन्सुलिन आणि शुगर तपासायच्या पट्ट्या पोहोचायला हव्यात. आयलेटच्या नावाखाली तो पैसा वळवला जाऊ नये, असं मी आयलेटची बाजू मांडणारी बाई म्हणून लिहिते आहे. पण पुढच्या चाचण्यांची केंद्रं ठरवताना नकाशाचा तोच कोपरा पुन्हा रिकामा ठेवू नका.

आता मागण्या.

निधी देणाऱ्या संस्थांनी आणि नियामकांनी आयलेट प्रत्यारोपणाचं यश गंभीर हायपो थांबणं, हायपोची जाणीव परतणं आणि एचबीए१सी यांवरच आधी मोजावं. इन्सुलिन सुटणं ही त्यानंतरची नोंद. अंशतः चालणाऱ्या आयलेटना अपयश म्हणू नये. ज्या केंद्रांवर जुन्या निकषाने निर्णय झाले, त्यांचे निर्णय या निकषाने पुन्हा तपासावेत.

स्टेम सेलचे आयलेट मंजूर होऊन प्रत्यक्ष मिळू लागेपर्यंत दात्यांच्या आयलेटचं कोणतंही चालू केंद्र केवळ 'नवं येतंय' म्हणून बंद करू नये. बंद करणं अटळ असेल तर यादीतला प्रत्येक रुग्ण दुसऱ्या केंद्राच्या हाती सोपवूनच करावं, आणि प्रत्यारोपण झालेल्यांची औषधं व तपासण्या आयलेट चालू आहेत तोवर कोण सांभाळणार हे लेखी द्यावं. चाचणी अर्ध्यात सोडणाऱ्या कंपनीलाही हेच बंधन हवं.

नियामकांनी दात्याच्या, फारसा फेरफार न केलेल्या आयलेटना प्रत्यारोपणाच्या चौकटीत आणावं. गुणवत्तेच्या तपासण्या कडक असू द्यात, त्याला आमचा विरोध नाही.

अवयववाटप मंडळांनी प्रत्येक योग्य स्वादुपिंड आयलेट केंद्राला वेळेत विचारलं गेलं का, याची नोंद ठेवावी. दान झालेल्या किती स्वादुपिंडांतून आयलेट काढले, किती प्रत्यक्ष दिले आणि किती टाकून द्यावे लागले, हे दरवर्षी प्रसिद्ध करावं. दाता-कुटुंबांचा त्यावर पहिला हक्क आहे.

प्रत्येक केंद्राने, प्रत्येक कंपनीने आपले सगळे निकाल, फसलेलेही, नोंदवहीत द्यावेत. २००१ मध्ये सुरू झालेल्या कोलॅबोरेटिव्ह आयलेट ट्रान्सप्लांट रजिस्ट्री या आयलेट प्रत्यारोपणांच्या नोंदवहीने हे करता येतं हे दाखवलं आहे. नोंद देणं ऐच्छिक ठेवू नका, परवान्याची अट करा.

संमतीपत्रात प्रतिपिंडांचा, मूत्रपिंडाचा आणि गर्भधारणेचा धोका रुग्णाच्या भाषेत, पहिल्या पानावर असावा. आणि हे संमतीपत्र लिहिणाऱ्या समितीत हायपोची जाणीव गेलेला किमान एक रुग्ण आणि त्याच्यासाठी रात्री जागणारं एक माणूस बसवावं.

या पत्राचं उत्तर मला खासगीत नको. तुमच्यातल्या प्रत्येकाने आपापल्या मागणीपुढे 'मान्य', 'अमान्य' किंवा 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहून ते जाहीर करावं. अमान्य असेल तर कारणही लिहावं. आम्ही ते वाचू, आणि पटलं नाही तर पुन्हा लिहू.

आपली,
टाइप १ मधुमेह असलेल्या एका रुग्णाची पत्नी